बत्तिसावा अणू

आमच्या संस्थेत त्याला खऱ्या नावानं ओळखणारं आता फक्त दारातलं हजेरीचं यंत्र उरलं आहे. बाकी सगळ्यांचे ते सुईवाले, नव्या लोकांचे सुईकाका. मी आपला सुईवाल्या म्हणतो, कारण अठ्ठावीस वर्षांच्या ओळखीत अहो-जाहो करत बसायला आम्ही काही व्याही नाही.

आमची ओळखच भांडणातून झाली. मी तळमजल्यावर वर्कशॉपमध्ये लेथ चालवतो आणि त्याची खोली बरोबर माझ्या पायाखाली, तळघरात. मला नोकरीला लागून आठवडा झाला नसेल, तर एक हडकुळा माणूस धापा टाकत वर आला आणि म्हणाला, "लेथ बंद करा. माझा अणू हलतोय."

मला वाटलं, याचं डोकं फिरलेलं दिसतंय. मी म्हणालो, "तुमचा अणू हलतोय तर धरून ठेवा त्याला. मला काम आहे."

तो भांडला नाही. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला आणि माझं काम संपेपर्यंत दीड तास तसाच बसून राहिला. मग उठून खाली गेला. दुसऱ्या दिवशी मीच आपण होऊन त्याला विचारायला गेलो, की बाबा, किती वाजता बंद ठेवू. त्याच्याशी भांडणं म्हणजे भिंतीशी भांडणं, दुखतं ते आपलंच डोकं.

त्याचं काम सांगायला सोपं आणि करायला जीवघेणं. तो सुया बनवतो. टंगस्टनची बारीक तार कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उभी धरायची आणि तिच्यातून वीज सोडायची. पाण्याच्या पातळीवर तार झिजत जाते आणि शेवटी खालचा तुकडा आपल्याच वजनानं गळून पडतो. नेमक्या त्याच क्षणी वीज तोडली तर वर जे टोक उरतं ती सुई. जरा उशीर झाला की टोक बोथट. दहा सुया केल्या तर तीन कामाच्या निघतात, आणि त्या तीन त्यालाच निघतात. दुसऱ्या कुणी केल्या तर एकही नाही. वहिनी घरी शिवणकाम करतात. त्या म्हणतात, "माझ्या सुईला निदान दोरा तरी असतो. ह्यांच्या सुईला काय असतं ते आजवर कुणाला दिसलेलं नाही."

ती सुई पुढे जाते एका मोठ्या स्टीलच्या भांड्यात, ज्यातून सगळी हवा काढून टाकलेली असते आणि ज्याच्या पोटात द्रवरूप हेलियम भरलेलं असतं. आत उणे दोनशे एकोणसत्तर अंश. तिथे चकचकीत धातूचा नखाएवढा तुकडा ठेवलेला असतो. त्याला सुई टेकवायची नाही, फक्त इतकी जवळ न्यायची की मधली फट ओलांडून थोडीशी वीज झिरपेल. त्या झिरपणाऱ्या विजेवरून संगणक चित्र काढतो, आंधळ्या माणसानं बोटांनी चेहरा चाचपावा तसं. त्या चित्रात अणू दिसतात. फुगीर, गोल, एकेकटे बसलेले. पाहुणे येतात तेव्हा आमचे विभागप्रमुख, म्हणजे सर, त्यांना हेच दाखवायला खाली आणतात. पाहुणे म्हणतात, "हे खरे अणू?" सर म्हणतात, "खरे." मग सगळे चहाला वर जातात आणि सुईवाला त्यांच्या पायांच्या धक्क्यानं बिघडलेलं चित्र पुन्हा सुरुवातीपासून घेतो.

पण नुसतं बघणं ही त्यातली सोपी बाजू. त्याच सुईनं अणू ढकलताही येतो. सुई अणूच्या डोक्यावर आणायची, किंचित खाली घ्यायची, म्हणजे तो तिच्या ओढीत येतो. मग सावकाश सरकवत न्यायचा आणि हव्या त्या जागी पोचला की सुई वर उचलायची. अणू तिथेच बसतो, बसला तर. कधी बाजूला उडी मारतो, कधी हरवतो. एका अणूला कधी वीस मिनिटं लागतात, कधी अख्खी सकाळ जाते. असे अणू एकामागे एक ओळीत मांडायचे.

आणि कशासाठी, तर मॅडमसाठी. म्हणजे मॅडमच्या संशोधनासाठी. लोखंडाच्या अणूंची सरळ रांग त्या विशिष्ट धातूवर मांडली, तर रांगेच्या दोन्ही टोकांना इलेक्ट्रॉनांची एक विचित्र अवस्था तयार व्हावी, असं कागदावरचं गणित म्हणतं. विचित्र म्हणजे अशी, की ती असते एकच, पण दोन टोकांत अर्धी अर्धी वाटून राहते आणि मधे तिचा पत्ताच नसतो. मॅडमनी मला हे तीनदा समजावलं आणि मला दीडदा समजलं. पुढेमागे यातून वेगळ्या जातीचे संगणक होतील म्हणतात, होतील तेव्हा होतील. मला कळलेली गोष्ट एवढीच: ती अवस्था असेल तर टोकावर माप घेताना आलेखाच्या बरोबर मध्यावर एक शेंडी उभी राहते. रांगेच्या पोटात माप घेतलं तर शेंडी नसते.

यात एक मेख आहे, आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. सुईच्याच टोकाला चुकून एखादा लोखंडाचा अणू चिकटला तर त्या अणूची शेंडी आलेखात उमटते, मग खाली काहीही असो. चष्म्याच्या काचेवर डाग असावा आणि माणसानं तो भिंतीवर पुसत बसावं, त्यातला प्रकार. म्हणून नियम असा, की मापाच्या आधी आणि मापानंतर सुई कोऱ्या जागी, म्हणजे जिथे एकही अणू नाही अशा जागी नेऊन तपासायची. तिथे शेंडी दिसली तर सुई खोटी, आणि त्या सुईनं घेतलेली मापंही खोटी. हा नियम सुईवाल्यानंच घालून दिलेला. नवीन माणूस तळघरात आला की आधी त्याला हा नियम ऐकावा लागे, आणि तो इतका रटाळपणे सांगे की ऐकणाऱ्याला पेंग येई.

मॅडम सात वर्षं कंत्राटावर होत्या. दर वर्षी जून आला की त्यांचा चेहरा उतरे आणि मुदतवाढीचा कागद हातात पडला की परत जागेवर येई. नवरा दुसऱ्या गावी नोकरीला, लेक सात वर्षांची, तिला घेऊन त्या इथे दोन खोल्यांत राहायच्या. यंदा कायमची जागा निघाली, एकच. ती मिळाली तर नवरा बदली मागून इकडे येणार होता, घर बघून झालं होतं, मुलीला कुठली खोली द्यायची तेही ठरलं होतं. नेमणूक समितीची बैठक गुरुवारी होती. मॅडमकडे समितीपुढे मांडायला सात वर्षांची खटपट होती, पण दोन टोकांवरच्या दोन शेंड्या नव्हत्या. त्या मिळाल्या असत्या तर समितीला दुसरं नाव घेताच आलं नसतं, असं सर स्वतः म्हणाले होते.

तर बैठकीच्या आधीच्या रविवारी सुईवाला सकाळी सातला खाली उतरला. मापं रविवारीच घेतात, कारण त्या दिवशी लिफ्ट बंद ठेवता येते, वर माझा लेथ नसतो, जिन्यात कुणी धावत नाही. बेचाळीस पायऱ्या. त्याच्या गुडघ्यांना त्या एकेक करून माहीत आहेत. रांग शनिवारीच पुरी झाली होती. एकतीस अणू. त्यानं बत्तीस गोळा केले होते, एखादा हरवला तर असावा म्हणून. उरलेला एक रांगेच्या डाव्या टोकापासून थोड्या अंतरावर बसवून ठेवला होता. हेलियम तळाला आलं होतं, जेमतेम संध्याकाळपर्यंत पुरलं असतं. नवी टाकी शुक्रवारी यायची होती ती आली नव्हती. फोन केला की "निघाली आहे" असं उत्तर मिळे. ती दोन दिवस नुसती निघतच होती.

सकाळी कोरी जागा तपासली, सुई स्वच्छ. रांगेच्या पोटात माप घेतलं, शेंडी नाही. इथवर सगळं ठीक. मग डावं टोक घेतलं, त्यासाठी सुई आणखी जवळ न्यावी लागते. शेंडी. मॅडम शेजारीच होत्या. त्यांनी तोंडावर हात धरला, कारण त्या खोलीत मोठ्यानं बोलायचं नसतं. मग उजवं टोक. तिथेही शेंडी, तेवढीच उंच, तिथेच. सुईवाला मला नंतर म्हणाला, की त्या क्षणी त्याला आनंद होण्याऐवजी आधी झोप आली. तीन आठवड्यांचा शीण एकदम उतरला म्हणायचा.

आता फक्त कोऱ्या जागी परत जाऊन तपासायचं राहिलं होतं. सुई त्याच्याशिवाय कुणी हलवत नसे. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतला फोन वाजला. वहिनींचा होता. त्यांची थोरली बहीण त्यांच्याकडेच असते, खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणावर. ती पलंगावरून खाली घसरली होती आणि वहिनींना एकटीला उचलता येत नव्हती. मॅडम म्हणाल्या, "काका, तुम्ही जा आधी. झालंय आपलं." त्यानं जाता जाता सवयीनं एक शेवटचं चित्र घेऊन ठेवलं आणि जिना चढला. घरी जाऊन दोघांनी मिळून ताईंना चादरीत घेऊन वर उचललं, डॉक्टर येऊन गेले, जेवायला चार वाजले. परत यायचं त्याच्या जिवावर आलं. हे त्यानं मला असंच सांगितलं, काही न लपवता. "जिवावर आलं रे. कपडे बदललेले होते."

रात्रीत हेलियम संपलं. सोमवारी सकाळी यंत्र गरम झालेलं होतं आणि आतले अणू सैरावैरा झालेले. रांग गेली. टाकी त्या दिवशी दुपारी आली, हसत हसत.

सोमवारी तो वहीत सगळं नीट उतरवून काढत होता. मॅडमचे आलेख तोवर सरांकडे पोचले होते, सरांनी दोन ठिकाणी फोनही केले होते. सुईवाल्यानं रविवारची दोन चित्रं समोर ठेवली. पोटातलं माप घेण्याआधीच्या चित्रात अणू मोजले, बत्तीस. जाता जाता घेतलेल्या चित्रात मोजले, एकतीस. त्यानं चष्मा पुसला आणि पुन्हा मोजले. बाजूला बसवलेला तो एक नव्हता.

कुठे गेला? दोनच शक्यता. एक तर सुईनं त्याला चित्राच्या चौकटीबाहेर ढकललं. नाही तर सुईनं त्याला उचललं आणि तो तिच्या टोकाला जाऊन बसला, आणि मग दोन्ही टोकांवर जे दिसलं ते रांगेचं नव्हतंच, त्याचं होतं. कोऱ्या जागेची तपासणी झाली असती तर एका मिनिटात निकाल लागला असता. ती झाली नव्हती, आणि आता होण्यासारखी नव्हती.

मंगळवारी तो माझ्याकडे आला. त्याच जुन्या स्टुलावर बसला आणि ही सगळी कथा सांगितली. माझा पारा चढला. मी म्हणालो, "चित्रातले अणू मोजतं कोण?"

"मी मोजतो."

"तुझ्याशिवाय?"

"कुणी नाही."

"मग झालं तर. मूग गिळून गप्प बस. गेला असेल चौकटीबाहेर."

"गेला असेल," तो म्हणाला.

"चार महिन्यांत तू निवृत्त होणार. त्या पोरीचं सात वर्षांनी काहीतरी मार्गी लागतंय. एका भटक्या अणूपायी तिच्या संसारावर पाणी ओतू नकोस. गुरुवार होऊन जाऊ दे, मग काय तपासायचं ते तपास जन्मभर."

हे मी बोललो. मागे घेण्यासारखं काही बोललो असं मला तेव्हा वाटलं नाही. तो गुडघ्यांवर हात टेकून उठला. मला वाटलं, पटलं असावं. अठ्ठावीस वर्षांत मला एवढंही कळू नये.

बुधवारी दुपारी तो दोन्ही चित्रं छापून मॅडमच्या टेबलापाशी गेला. त्या डबा खात होत्या. त्यानं चित्रं शेजारी शेजारी ठेवली आणि म्हणाला, "मोजा."

मॅडमनी मोजले. दुसरं चित्र मोजताना त्यांचा वेग कमी होत गेला. मग त्यांनी डब्याला झाकण लावलं.

"नंतर परत येऊन कोऱ्या जागी तपासलं होतंत ना, काका?"

"नाही."

"तुम्ही? तुमचाच तर नियम!"

"नाही तपासलं. फोन आला, मी गेलो. पुन्हा यायला हवं होतं, आलो नाही."

मी त्यांच्या जागी असतो तर आकांडतांडव केलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "ताई आता कशा आहेत?" आणि तो म्हणाला, "बऱ्या आहेत." मग त्या चित्रं घेऊन सरांकडे गेल्या.

सरांनी डोक्याला हात लावला. त्यांचं म्हणणं, आलेख दाखवायचे, खाली बारीक अक्षरात लिहायचं की अधिक तपासणी सुरू आहे. सगळे असंच करतात. सरांचं चुकलं असंही मी म्हणणार नाही, माझाही सल्ला त्याच जातीचा होता. निर्णय त्यांनी मॅडमवर सोडला.

गुरुवारी काय झालं ते मला समितीला चहा नेणाऱ्या शिपायानं सांगितलं. मॅडमनी रांगेच्या पोटातलं माप दाखवलं, रांग दाखवली आणि सांगितलं, की टोकांची मापं माझ्याकडे आहेत पण ती मी मांडत नाही, कारण सुईची खात्री नाही. समितीतल्या एका गृहस्थांनी विचारलं, "मग सात वर्षांत नक्की हाती काय लागलं?" मॅडम म्हणाल्या, "एकतीस अणू सरळ बसवता येतात, एवढं नक्की." शिपाई म्हणाला, यावर कुणी हसलं नाही. जागा लेसरवर काम करणाऱ्या एका माणसाला मिळाली. माणूस चांगला आहे, माझ्याकडून दोन स्टँड बनवून घेतले त्यानं. तरी मी त्याच्याशी अजून नीट बोलत नाही, आणि यात त्याचा काडीचाही दोष नाही हे मला कळतं.

मॅडमच्या कंत्राटाचे तीन महिने उरले होते. सरांनी, मनातून खजील होऊन असेल, हेलियमच्या दोन टाक्या त्यांच्या नावावर दिल्या. सुईवाल्यानं पुन्हा सुया करायला घेतल्या. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा पिकत आलेला. पहिल्या खेपेला सुई धातूवर आपटली आणि सगळा तुकडा खरवडून निघाला. दुसऱ्या खेपेला रांग एकोणिसाव्या अणूपर्यंत आली आणि कुणी दीडशहाण्यानं रविवारी लिफ्ट चालू केली. चित्र असं हललं की अणू कुठला आणि सावली कुठली कळेना. मी त्या दीडशहाण्याला शोधून काढून जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. सुईवाला मात्र कुणावर चिडला नाही. त्याच्यात चिडायचं त्राणच उरलं नव्हतं. सकाळी मेव्हणीची कूस बदलायची, अंग पुसायचं, मग बेचाळीस पायऱ्या उतरायच्या, दिवसभर पडद्याकडे बघत एकेक अणू ढकलायचा, आणि पुन्हा बेचाळीस पायऱ्या चढायच्या. मधल्या वेळेत मॅडमशी त्याचं कामापुरतंच बोलणं होई. "डावीकडे घ्या." "घेतो." त्या रागावल्या नव्हत्या, पण दोघांच्या मधे ते काहीतरी येऊन बसलं होतं आणि त्याला कुणी उठवत नव्हतं.

मॅडमच्या शेवटच्या महिन्यात, दुसरी टाकी अर्ध्यावर असताना, रांग पुरी झाली. पुन्हा एकतीस. या वेळी जादाचा अणू ठेवलाच नाही. त्या दिवशी मीही खाली होतो. माझं तिथे काही काम नव्हतं, पण मला वर चैन पडेना. त्यांनी आधी कोरी जागा तपासली. मग पोट. मग डावं टोक, आणि पडद्यावर शेंडी उभी राहिली. मग उजवं टोक. तिथेही. मग परत कोरी जागा. सपाट रेघ, एक चढ नाही की उतार नाही.

सुईवाला खुर्चीत मागे रेलला. म्हणाला, "स्वच्छ आहे."

मॅडम पडद्याकडे बघत होत्या. म्हणजे पहिल्यांदा दिसलं होतं तेही खरंच असणार. तो अणू खरोखर चौकटीबाहेरच गेलेला असणार. तिघांच्याही मनात हे एकदमच आलं असेल.

"पुन्हा तपासा, काका," मॅडम म्हणाल्या.

त्यानं पुन्हा तपासलं. सपाट.

"अजून एकदा. दुसऱ्या जागी."

त्यानं सुई दुसऱ्या जागी नेली आणि अजून एकदा तपासलं. मग मॅडमनी वही ओढली आणि तारीख घातली. त्यांचं अक्षर नेहमीसारखंच आलं, सुवाच्य आणि बारीक.

यावर पुढे लेख छापून आला. त्यात सुईवाल्याचं नाव मॅडमच्या नावाशेजारी आहे, आभारात नाही, लेखकांत. यावर अजून बरीच भांडणं व्हायची आहेत म्हणे, शेंडी म्हणजे ती अवस्थाच कशावरून, दुसरं काही कशावरून नाही. भांडोत. पण जागा भरून झाली होती, आणि भरलेली जागा लेखानं रिकामी होत नाही. मॅडमना तिसऱ्याच एका गावी वर्षभराचं काम मिळालं. लांब आहे, तिथे मुलीला नेता येण्यासारखं नाही. मुलगी आजीकडे जायची, नवरा आपल्या गावी. तिघांची तीन गावं झाली.

जायच्या आदल्या दिवशी त्या माझ्याकडून घेतलेला पाना परत द्यायला आल्या. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "मॅडम, त्याला गप्प बस म्हणून मी सांगितलं होतं. त्यानं ऐकलं असतं तर तुम्ही इथे असता, आणि खोटं तर काहीच ठरलं नसतं."

त्यांनी पाना माझ्या फळीवर बरोबर त्याच्या जागी ठेवला.

"ते आज कळलंय, मामा. त्या गुरुवारी ना तुम्हाला माहीत होतं, ना मला."

"पण नुकसान तर झालंच ना."

"झालं," त्या म्हणाल्या. "खूप झालं." आणि डोळे भरून आले तसे त्यांनी ते पुसले, लपवले नाहीत. मग त्या सुईवाल्याला भेटायला खाली गेल्या. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती, मुलगी बरोबर होती. जिन्यातून तिच्या उतरण्याचा आवाज येत राहिला, एकेक पायरी दोन्ही पायांनी.

तासाभरानं त्या गेल्या. नंतर सुईवाला वर आला आणि बसला. मी चहा सांगितला, तो त्यानं घेतला नाही.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"नमस्कार केला. तब्येत सांभाळा म्हणाली. चांगली बोलली रे, पहिल्यासारखी." मग तो म्हणाला, "ती फोनवर बोलायला बाहेर गेली तेव्हा पोरीनं मला विचारलं, आई परत कधी येणार?"

"मग?"

"माहीत नाही म्हणालो."

मला त्याचा भयंकर राग आला. इतक्या दिवसांचा साठलेला होता तो सगळा वर आला. मी म्हणालो, "अरे, पोर सात वर्षांची. तिला तरी लवकर येईल म्हणायचं होतंस. तेवढ्यानं काय बिघडलं असतं?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. चेहरा इतका दमलेला होता की मला बोलल्याची लाज वाटली.

"म्हणणार होतो," तो म्हणाला. "तोंडातून येईना."